डाव्या चाकाचा रबरी बूट

मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

अंगात त्राण नाही, पण चार ओळी लिहून टाकतो. एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं रोजचं काम रोज वहीत चढवलं. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी लिहिल्याशिवाय पाठ टेकवत नाही. ह्या वर्षीची डायरी मात्र भिकार निघाली. ओळी इतक्या फिक्या छापल्यात की असून नसल्यासारख्या. शाई परवडत नसेल तर डायऱ्या काढता कशाला?

आज कुशाबाचा मशीनचा वार. माझा शाळूसोबती. आम्ही दोघं चौथीपर्यंत एका पाटावर बसलो, पुढे मी हत्यारं धरली आणि त्यानं गुरं. त्याच्या किडन्या गेल्याला वर्ष होत आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी रक्त धुऊन घ्यायला पिरंगुटच्या पुढे दवाखान्यात जावं लागतं. एक वार चुकला की पाय सुजतात, दुसरा चुकला तर श्वास लागतो. वरच्या वाडीपासून खाली आमच्या माले गावापर्यंत चार किलोमीटर नुसते दगड आणि ओढे. तिथे माझ्या फोर बाय फोर जीपशिवाय दुसरं चाक चढत नाही. सकाळी मी वर जाऊन त्याला खाली आणतो, फाट्यावर वडापच्या गाडीत बसवतो, दुपार टळली की परत वर नेऊन सोडतो. डांबरी रस्त्यावर मी हल्ली गाडी घालत नाही. समोरून येणारे लोक डोळे फुटतील असले दिवे लावून येतात.

सोबतीला त्याची सून राणी असते. नवरा हिंजवडीला सिक्युरिटीत, आठवड्याला एकदा तोंड दाखवतो. पोरगी जिवाची मोठी, पण तोंडाला विसावा नाही. माझ्या शेजारी बसली की सुरू. "तात्या, म्होरं दगड हाय." "तात्या, ओढा आला." "तात्या, खालच्या अंगाला चिखल हाय, दरडीला धरून घ्या." पाऊस असो नसो, हिचा चिखल वाळतच नाही. त्या नादात मागच्या महिन्यात उजवा आरसा दरडीला घासून फुटला. अगं बाई, ह्या वाटेवर मी तुझ्या जन्माआधीपासून फिरतोय!

आज तिनं "तात्या, खुंट! खुंट!" म्हणेपर्यंत धाडकन बसला. कुण्या शहाण्यानं करवंदाची जाळी तोडून खुंट तसाच ठेवलेला. पुढे प्रत्येक वळणावर डाव्या चाकातून टक् टक् टक्. घरी आल्यावर चाकामागे हात घातला तर बोटं ग्रीसनं भरली. शाफ्टच्या टोकाचा रबरी बूट फाटलाय.

बायकोला, अनसूयेला, समजावून सांगावं लागलं. "तुझ्या गुडघ्यात वाटी असते ना, तसा चाकापाशी गोळ्यांचा सांधा असतो. त्यावर हे रबरी टोपडं. आत ग्रीस. टोपडं फाटलं की ग्रीस बाहेर आणि माती आत. मग सांधा खलास." ती म्हणाली, "म्हणजे कुशाबाभावजींचं काय?" मी म्हणालो, "तेच तर. त्या सांध्यावरच त्याचा जीव आहे."

बुधवार, २४ सप्टेंबर

बसनं पौडला जाऊन आलो. साहिलच्या गॅरेजात. तिशीच्या आतला पोरगा, हातात सदा मोबाईल. म्हणतो, "काका, बूट उघडत कुठं बसता? अख्खा शाफ्टच बदलून टाकू, माझ्याकडं ठेवा गाडी एक दिवस." हे असले मिस्त्री. ह्यांना दुरुस्त करायला येत नाही, नुसतं बदलायला येतं. उद्या बायकोचा दात दुखला तर बायको बदलतील.

मी म्हणालो, माझ्या गाडीला आजवर दुसऱ्याचा पाना लागलेला नाही. बूट मागव फक्त. त्यानं दोन खोकी पुढे केली. "ह्यातला कुठला तुमचा? वरती नंबर वाचा." मी म्हणालो, तूच वाच, चष्मा घरी राहिला. "चष्मा तर नाकावर आहे, काका." हा लांबचा आहे, म्हणून सांगितलं. आगाऊ कुठला. शेवटी दोन्ही बूट हातात घेऊन बोटांनीच सांगितलं, दोन्ही लहान आहेत. आणि खरंच दोन्ही लहान निघाले! माझा बूट मंगळवारी येईल म्हणाला.

तोवर सायकलची जुनी ट्यूब फाडून त्यावर गुंडाळली आणि तारेनं आवळली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

ट्यूबनं साथ दिली. चाक कण्हत होतं, पण चाललं. माझे खांदे भरून आलेत. स्टिअरिंगवर हल्ली इतका जोर का लागतो कळत नाही. खाली उतरलो की वाटतं दिवसभर नांगर धरला.

येताना कुशाबा मागून म्हणाला, "जना, दमलास का रं?" म्हणालो, दमलो. तो म्हणाला, "मी बी." पुढे वाटभर राणीची तेवढी बडबड चालू.

मंगळवार, ३० सप्टेंबर

साहिलनं बूट वडापवाल्याबरोबर पाठवला. बरोबर मापाचा. कुशाबाला वर सोडून आल्यावर लगेच चाक उतरवलं. वाटलं होतं उजेड आहे तोवर उरकेल. सांधा अडकवणारी ती छोटी सर्कलिप काढायलाच दीड तास गेला. एके काळी पाच मिनिटांचं काम. आता सर्कलिपाही बारीक करायला लागलेत, हाताला लागतच नाहीत. साध्या साध्या गोष्टीत लोकांनी कंजुषी चालवलीय.

सांधा बाहेर काढून रॉकेलनं तीनदा धुतला. गोळे गुळगुळीत आहेत, बोट फिरवून पाहिलं. सांधा वाचलाय, देवाची कृपा. तोवर अंधारून आलं. उद्या खंडेनवमी, हत्याराला हात लावायचा नाही. सगळं पडवीत पोत्यावर मांडून ठेवलंय. दसऱ्याला पूजा उचलली की जोडून टाकेन. शुक्रवारच्या आत झालं म्हणजे मिळवली.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

हातावर हात धरून बसलो. पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, जॅक, सगळं पुसून अनसूयेनं पोत्यावर ओळीनं लावलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. वर्कशॉपात असताना ह्या दिवशी अख्ख्या शेडमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असायची. आज मला त्या शांततेचा कंटाळा आला. काम अर्ध्यावर उघडं टाकून बसवत नाही.

ती पोत्यापाशी बराच वेळ वाकून काहीतरी पुटपुटत होती. काय चाललंय म्हटलं, तर "पूजा" म्हणाली. पडवीतला दिवा मिणमिणतो. नवीन आणायला हवा. ती म्हणते गेल्या महिन्यातच आणलाय. मग तोही फसवून दिला असणार.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा उचलली, पाया पडलो आणि कामाला बसलो. सांध्यात ग्रीस ठासून भरलं, बूट चढवला, दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळल्या. चाकाकडची क्लिप बुटाच्या खाचेत बसवायला अर्धा तास घेतला. अगदी डोळ्यांत तेल घालून बसवली. गडबड केली असती तर दहा मिनिटांत झालं असतं, पण कुशाबाचा प्रश्न आहे.

दुपारी जीप धुतली, अनसूयेनं हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी गाडी पुढे घेतली. लिंबू फुटलं नाही. जरा बाजूला ठेवलं असेल तिनं. पुन्हा ठेवलं, तेव्हा फुटलं.

संध्याकाळी मुलगा मनीष आणि सूनबाई मृण्मयी नांद्याहून सोनं द्यायला आली. मनीष म्हणाला, "बाबा, आता पुरे की गाडी. चौसष्ट झालीत." म्हणालो, दे मग तू राजीनामा आणि ये मंगळवार-शुक्रवार. त्याची आई त्याला आत घेऊन गेली, दोघं बराच वेळ कुजबुजत होती.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

वर जाताना, येताना, परत जाताना, एकदाही आवाज नाही. साहिलला येऊन बघ म्हणावं. आज मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नुसतीच झोप येतेय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

वाईट दिवस.

कुशाबाला घेऊन खाली येत होतो. सकाळपासूनच टक् टक् सुरू झालं होतं, पण नवीन बूट आहे, बसेल जागेवर म्हणून मनावर घेतलं नाही. तिथेच चुकलो. ओढ्यातून वर निघताना मोठ्यानं कडाडलं, डाव्या चाकाचा जीव गेला आणि गाडी मागे घसरत ओढ्यात जाऊन दगडाला टेकली. कुशाबाचं डोकं मागच्या दांडीवर आपटलं. कपाळ फुटलं. राणीनं पदर फाडून बांधला. तो बिचारा मलाच म्हणत होता, "जना, तुला लागलं न्हाई न्हवं?"

राणी धावत वाडीवर गेली. चार माणसं आली. बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि त्यात त्याला खाली नेलं. मी मागून चालत. दवाखान्यात पोचेपर्यंत बारा वाजले, त्याची पाळी गेलेली. मशीन उद्या मिळेल म्हणाले. आज रात्री तिथेच ठेवून घेतलंय, नाकाला नळी लावून.

बूट सुटला होता. ग्रीसचा एक थेंब उरला नाही. म्हणजे क्लिपच डुप्लिकेट. हे साहिलचं काम. लोकांच्या जिवाशी खेळतात आणि वर काका काका करतात.

बुधवार, ८ ऑक्टोबर

साहिलला फोनवर वाटेल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "उद्या नवीन शाफ्ट घेऊन येतो काका. गाडी आहे तिथंच असू द्या." उलट बोलला असता तर बरं झालं असतं.

कुशाबाला मशीनवर घेतलं. बरा आहे म्हणे. त्याला डोलीतनंच वर नेलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

हे लिहायचं की नाही, विचार करत बसलो होतो. लिहितो. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वहीत चढवल्या, आता स्वतःची नको का?

साहिल शाफ्ट खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत चालत आला. राणी वरून आली होती. अनसूया भाकरी घेऊन आली. मी ओढ्यातल्या दगडावर बसून त्याच्या चुका शोधत होतो. त्यानं चाक उतरवलं, शाफ्ट बाहेर ओढला. पहिल्यांदा क्लिप बघितली. मी म्हणालो, बघ तुझा माल. तो म्हणाला, "क्लिप चांगली आहे काका. खाचेत नव्हती बसलेली. खाचेच्या शेजारी आवळली गेलीय, हा बघा वळ." मी बोट फिरवलं. वळ होता. खाचेपासून करंगळीभर अंतरावर.

मग त्यानं फुटलेला सांधा फडक्यावर उलटा केला. आणि लगेच फडकं दुमडायला लागला. राणीच्या तोंडून निघून गेलं, "आगं बया, तांदूळ!" आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, कसले तांदूळ? आण इकडे. साहिलनं नाइलाजानं माझ्या तळहातावर ठेवले. ग्रीसमध्ये लडबडलेले, सहा-सात दाणे, अख्खे. एक झेंडूची पाकळी.

अनसूया पुढे आली. "अहो, अक्षता मीच वाहिल्या. तुम्ही म्हणाला होतात ना, त्या सांध्यावर भावजींचा जीव आहे म्हणून. मग हत्यारांपेक्षा त्यालाच जास्त वाहिल्या. चांगल्या मूठभर." मी भडकलो. ओढ्यात सगळ्यांसमोर ओरडलो. सांध्यात कुणी अक्षता घालतं का? अक्कल गहाण टाकली होतीस का? ती रडत होती, पण तिनं मान खाली घातली नाही. म्हणाली, "टाकल्या मी. पण जोडला तुम्हीच ना? सकाळच्या उजेडात?"

साहिलनं नवा शाफ्ट बसवायला घेतला. तांदळामुळे सांधा फुटला नाही, क्लिप सुटून माती गेली म्हणून फुटला, असं तो मला दोनदा समजावून सांगत होता. जणू त्यानं मला बरं वाटणार होतं. मूठभर तांदूळ, काळ्याभोर सांध्यात. मी त्यावर ग्रीस भरत बसलो होतो.

घरी आल्यावर अनसूयेला विचारलं, तुला कधीपासून वाटतंय? ती म्हणाली, "पाडव्यापासून पेपर कोण वाचून दाखवतंय तुम्हाला?" मला वाटायचं तिला हौस आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

जीप दुरुस्त होऊन दारात उभी, पण कुशाबाला डोलीतनं नेलं. मी फाट्यावर उभा होतो. डोली वाहणाऱ्यांपैकी कोण कोण होते, मला ओळखू आलं नाही. इतके दिवस मी आवाजावरून ओळखत होतो हे आज लक्षात आलं. ते दमलेले होते, कुणी बोललंच नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मनीषनं सुट्टी काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मला वाटत होतं मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण कामाची. एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, दिवा लागला की बटण दाबा म्हणाली. मी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणालो, यंत्र बंद आहे का? तिनं मनीषकडे पाहिलं असावं.

मोतीबिंदू आहेच, तो निघेल. पण मागे काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांची नस सुकत आलीय, कडेचं दिसणं गेलंय. डावा जास्त. तिनं विचारलं, "गाडी कोण चालवतं तुमच्या घरी?" म्हणालो, मीच. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, आजपासून नाही. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंब घालून सांभाळायचं." गेलेलं ग्रीस परत गोळा करता येत नाही, हे मी किती पोरांना सांगितलं असेल वर्कशॉपात.

परत येताना पौडला मनीषला थांबवायला सांगितलं. साहिलच्या गॅरेजात गेलो. आयुष्यात माझी गाडी कुणाला देत नव्हतो, आज घे म्हणून विनवायची वेळ आली. मंगळवार-शुक्रवार, सकाळी तासभर, दुपारी तासभर, एवढंच. त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "येतो की काका. पण पहिल्या दिवशी शेजारी बसा. मला वाट माहीत नाही."

मनात आलं, मला तरी कुठे माहीत आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

साहिल सहाला आला. मी शेजारच्या सीटवर बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी मांडीखाली घातले. ओढा सहज ओलांडला, चढ चढला. डाव्या चाकातून ब्र नाही. पोराचं काम स्वच्छ आहे, हे लिहून ठेवायला हवं.

अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या वळणावर त्यानं करकचून ब्रेक मारला आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं रे?"

"काका, इथनं गाडी न्यायचा तुम्ही?"

"मग काय उडत जायचो?"

"उतरा जरा."

माझा दंड धरून त्यानं चार पावलं पुढे नेलं. म्हणाला, बसा आणि हात पुढं करा. मी उकिडवा बसलो. रस्ता चाचपला. खडी लागली, मग चाकानं पडलेली चाकोरी. "ही खूण तुमच्याच टायरची आहे," तो म्हणाला. चाकोरीच्या पलीकडे चार बोटं माती आणि त्यापुढे काहीच नाही. हात खाली गेला. खांद्यापर्यंत गेला तरी काही लागलं नाही. पार खालून पाण्याचा आवाज येत होता. अर्धा रस्ता कापून गेल्यासारखा उतरला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

साहिलनं दोन चाकं दरडीवर चढवून गाडी तिरकी तिरकी पलीकडे काढली. मी मागून चालत गेलो.

वाडीवर कुशाबा ओट्यावर तयार बसला होता. कपाळावर पट्टी. पाय सुजलेले. राणी पिशवी घेऊन उभी. मी गेलो तो सरळ विचारलं, "वळणावरची कड कधी ढासळली?"

"आषाढात," कुशाबा म्हणाला.

आषाढापासून आजवर आठवड्याला दोन वार, एका वारी चार खेपा. शंभराच्या वर वेळा मी त्या चार बोटांवरून गेलो; निम्म्या वेळा ह्या माणसाला आणि ह्या पोरीला घेऊन, निम्म्या वेळा एकटा, नुसत्या सवयीनं दरडीला धरून.

"राणी, तुला माहीत होतं?"

"व्हय, तात्या."

"आणि माझ्या डोळ्यांचं?"

तिनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "समद्या वाडीला ठावं हाय."

"अगं दोन लेकरांची आई तू! बसायचीस कशाला माझ्या शेजारी?"

"म्या न्हाई बसले तर तुमास्नी वाट कोन सांगनार?"

मला रडू आलं. वाडीतली माणसं जमली होती, त्यांच्यासमोर रडलो. लाज वाटायलाही अंगात बळ लागतं. कुशाबाला म्हणालो, "तू तरी सांगायचंस. एका शब्दानं सांगायचंस मला."

"सांगितलं आस्तं तर तू गाडी थांबवली आस्तीस."

"थांबवलीच असती!"

"मग मी शिरावनातच गेलो आस्तो, जना."

तो लहानपणापासून असाच. गुरुजींनी छडी उगारली की हात आधी पुढे करायचा.

मी म्हणालो, "आज गाडी नको. ती कड बघून आलोय मी. पोरं बोलाव, डोली करू. मी स्वतः खांदा देतो."

"खांदा द्याया अजून येळ हाय," कुशाबा म्हणाला, आणि राणी आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तो भिंतीला धरून उठला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि जीपकडे निघाला. मी त्याला अडवत होतो, तर माझ्यावरच खेकसला.

"चल गप. तू चालवत हुतास तवा बसलो. ह्या पोराला तर दिसतंय."